भिंतीवरचं ग्रीनलँड आणि कपाटातला पृथ्वीगोल

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी ज्याने शाळेत नोकरी केली आहे, त्याला ठाऊक असतं की भाषेच्या शिक्षकाचं नुसत्या भाषेवर भागत नाही. वर्कलोड भरावा लागतो. माझ्या वाट्याला बरीच वर्षं सहावी-सातवीचा भूगोल आला आणि मी तो शिकवला. कसा शिकवला, त्याचा हा कबुलीजबाब. आणि तुम्हीही तसाच शिकवत असाल, तर ही तक्रारसुद्धा.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा टांगला होता. मी छडी फिरवत सात खंडांची नावं म्हणून घेत होतो. मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ये ग्रीनलँड तो ऑस्ट्रेलियासे बी बडा दिखरा. फिर ये बर्र-ए-आज़म कायकू नै?" बर्र-ए-आज़म म्हणजे खंड.

मी नकाशाकडे पाहिलं. मुलीच्या डोळ्यांत काही खोट नव्हती. नकाशात ग्रीनलँड खरोखरच ऑस्ट्रेलियाहून मोठं होतं. मला उत्तर येत नव्हतं. उत्तर येत नसलं की शिक्षक जे करतो, तेच मी केलं. "किताब में सात लिखे हैं ना? सात याद करो. बैठो."

ती बसली.

आता हिशेब बघा. ऑस्ट्रेलियाचं क्षेत्रफळ सुमारे 76 लाख 88 हजार चौरस किलोमीटर. ग्रीनलँडचं सुमारे 21 लाख 66 हजार. म्हणजे ऑस्ट्रेलिया साडेतीन पट मोठा. त्या मुलीने निरीक्षण केलं, तुलना केली आणि पुस्तकातल्या विधानाशी ती जुळत नाही हे पकडलं. याला शास्त्र म्हणतात. आणि ते करणाऱ्या मुलीला मी खाली बसवलं, कारण भिंतीवरच्या कागदावर माझा तिच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

मी बी.एड. केलं तेव्हा सराव पाठात शैक्षणिक साधनांना गुण होते. पाठ टाचणात "साधने : जगाचा नकाशा" असं लिहायचं, नकाशा सरळ टांगायचा, छडीने दाखवायचं. निरीक्षक सर नकाशा वाकडा असला तर गुण कापायचे. तो कोणत्या पद्धतीने काढलेला नकाशा आहे, त्यात काय खरं आणि काय ताणलेलं आहे, हे मला वर्षभरात एकानेही विचारलं नाही. आणि मीही कुणाला विचारलं नाही.

पुढे मी स्वतःहून वाचलं, तेव्हा कळलं की गोष्ट साधी आहे. संत्र्याचं साल सोला आणि टेबलावर सपाट दाबा. ते फाटेल, नाहीतर ताणावं लागेल. पृथ्वीचंही तसंच. गोल पृष्ठभाग कागदावर सपाट करताना काही ना काही बिघडतंच. 1827 मध्ये गाउस या जर्मन गणितज्ञाने जो सिद्धांत मांडला, त्यातून हे कायमचं पक्कं झालं. आकार, क्षेत्रफळ, अंतर, दिशा हे सगळं एकाच सपाट नकाशात जपता येत नाही. काय जपायचं आणि काय सोडायचं हे नकाशा काढणाऱ्याला ठरवावं लागतं. या ठरवण्याला प्रक्षेपण म्हणतात.

आमच्या भिंतीवरचं प्रक्षेपण होतं मर्केटरचं. गेरार्ड मर्केटर हा फ्लँडर्समधला नकाशाकार. 1544 मध्ये पाखंडी म्हणून त्याला सात महिने कैदेत ठेवलं होतं. 1569 मध्ये त्याने जगाचा जो नकाशा काढला, तो खलाशांसाठी होता. समुद्रात जहाज होकायंत्राच्या एकाच दिशेने धरून चालवलं, तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेषेत येतो. खलाशाने पट्टी ठेवायची, कोन मोजायचा आणि निघायचं. त्या काळात याची किंमत जिवाएवढी होती. पण ही सोय मिळवण्यासाठी विषुववृत्तापासून जसजसं लांब जावं, तसतसं सगळं फुगवावं लागतं. 60 अंश अक्षवृत्तावर क्षेत्रफळ चौपट दिसतं. 75 अंशांवर जवळजवळ पंधरापट. ध्रुव तर या नकाशावर दाखवताच येत नाहीत.

मर्केटरने काही लपवलं नव्हतं. नकाशाच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच तो खलाशांच्या वापरासाठी बेतला आहे, असं त्याने लिहिलं होतं. आपण काय केलं? शीर्षक काढून टाकलं, "जग" असं मोठ्या अक्षरात छापलं आणि जिथून समुद्र चारशे किलोमीटर लांब आहे अशा गावातल्या वर्गात टांगलं. माझं भांडण मर्केटरशी नाही. त्याची पाटी पुसणाऱ्यांशी आहे, आणि त्यांत मी येतो.

या पुसलेल्या पाटीने काय घडतं ते आकड्यांतच पाहा.

या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेच्या बरोबरीचं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका 3 कोटी चौरस किलोमीटरहून मोठा आहे, म्हणजे ग्रीनलँडच्या चौदा पट. त्याच्या पोटात नऊ भारत मावतात. भारत स्वतः ग्रीनलँडच्या दीडपट आहे, हे नकाशाकडे पाहून कुणाला खरं वाटेल? नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड मिळून भारताच्या साधारण एक-तृतीयांश. नकाशात तिघं मिळून भारतापेक्षा मोठे दिसतात. अलास्का ब्राझीलएवढं दिसतं, खरं तर ब्राझील त्याच्या जवळजवळ पाचपट आहे.

एवढं लांब जायला नको. आपल्या घरचं घ्या. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 लाख 7 हजार 713 चौरस किलोमीटर. ज्याने आपल्यावर राज्य केलं, त्या ब्रिटनचं, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड धरून अख्ख्या युनायटेड किंग्डमचं, सुमारे 2 लाख 44 हजार. मराठवाडा आहे 64 हजारांच्या आसपास. वजाबाकी करा. महाराष्ट्रातून मराठवाडा काढला की जे उरतं, ते साधारण ब्रिटन. आणि भिंतीवरच्या नकाशात? तिथे ब्रिटन महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं दिसतं, कारण ते 55 अंशांच्या आसपास आहे आणि आपण 19 अंशांच्या.

मी ही वजाबाकी फळ्यावर करून घेतो तेव्हा वर्गात नेहमी एकच होतं. आधी मुलं गणित चुकलं असं समजून पुन्हा करतात. मग गप्प होतात. मग कुणीतरी विचारतं, "मग एवढ्या लहान देशाने आपल्यावर राज्य कसं केलं?" हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. पण तो पडण्यासाठी आधी देश लहान आहे हे दिसावं लागतं. नकाशात तो मोठा दिसतो तोवर हा प्रश्न पडतच नाही. मोठ्याने लहानावर राज्य केलं, त्यात विचारायचं काय?

नुसता आकारच नाही, जागाही सरकते. आमच्या शाळेतला नकाशा मी एकदा उतरवला आणि मुलांना मधोमध आडवी घडी घालायला सांगितलं. घडी विषुववृत्तावर पडायला हवी होती. ती पडली बरीच वर. उत्तरेचा भाग भरपूर दाखवायचा आणि दक्षिणेचा छाटायचा, अशी ती छपाई होती. जगाचा मध्य उत्तरेला सरकला होता आणि वर्षानुवर्षं त्याच्याखाली बसून शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या कुणालाही ते जाणवलं नव्हतं.

इथपर्यंत लिहिलं की काही मित्र खूश होतात. म्हणतात, बघा, हा गोऱ्यांचा कट आहे. आपल्याला लहान दाखवायचं, त्यांना मोठं. व्हॉट्सॲपवर असे संदेश मीही वाचले आहेत. आणि त्याच्याच पुढचा संदेश येतो : मुसलमानांचे नकाशे खरे होते, पाहा, इद्रीसीने दक्षिण वर दाखवली होती.

या मित्रांशी माझं जास्त कडाक्याचं भांडण आहे, कारण ती माझी माणसं आहेत.

कट असता तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा ग्रीनलँडला का झाला असता? तिथे जेमतेम 56-57 हजार लोक राहतात. आमच्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त असतात. ही फुगवट गोरा-काळा पाहत नाही, अक्षांश पाहते. दक्षिणेकडे न्यूझीलंडही फुगतं, अंटार्क्टिका तर सगळ्यात जास्त. हे खरं, की साम्राज्याला ही सूज सोयीची होती. कॅनडा ब्रिटिशांच्या गुलाबी रंगात रंगवला की साम्राज्य आणखी अवाढव्य दिसायचं. सोय झाली ती त्यांनी सोडली नाही. पण या नकाशाविरुद्ध आवाजही पश्चिमेतल्याच अभ्यासकांनी उठवला. 1989 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या भूगोलाच्या सात संघटनांनी ठराव केला, की जगाचे असे चौकोनी नकाशे सर्वसाधारण वापरातून काढावेत. 2017 मध्ये बॉस्टनच्या सरकारी शाळांनी क्षेत्रफळ खरं दाखवणारा गॉल-पीटर्स नकाशा वर्गात आणला. ऑगस्ट 2025 मध्ये आफ्रिकन युनियनने मर्केटर सोडून आफ्रिकेचा खरा आकार दाखवणारे नकाशे वापरावेत, या मोहिमेला पाठिंबा दिला. ज्यांचा खंड आक्रसला होता, त्यांनी हा प्रश्न थेट आपल्या व्यासपीठावर नेला. आपण मात्र संदेश पुढे ढकलतो आणि भिंतीवरचा नकाशा तसाच राहतो.

आणि इद्रीसी? 1154 मध्ये सिसिलीचा ख्रिस्ती राजा रॉजर याच्या दरबारात त्याने जे काम केलं, ते थोर होतं. त्याने दक्षिण वर दाखवली, हेही खरं. पण दक्षिण वर दाखवणं हीसुद्धा एक निवडच होती. अवकाशात वर-खाली काही नसतं. उत्तर वर ठेवणारा खोटा आणि दक्षिण वर ठेवणारा खरा, असं म्हणणं म्हणजे मर्केटरचीच पाटी पुसून तिथे आपल्या बुजुर्गाचं नाव लिहिणं.

आपल्या बुजुर्गांकडून घ्यायचंच असेल, तर दुसरी गोष्ट घ्या. ती मला एका फोनमुळे कळली.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी न्यूयॉर्कजवळ नोकरीला गेला. एका रात्री त्याचा फोन आला. सलाम-दुआ झाली आणि मग म्हणाला, "सर, इथल्या मशिदीत सगळे ईशान्येला तोंड करून नमाज पढतात. मक्का तर इथून पूर्वेला, थोडी दक्षिणेकडे आहे ना? तुम्हीच नकाशात दाखवली होती. ही माणसं चुकतायत का?"

मी हो म्हणणार होतो. जिभेवर आलंही होतं. मग म्हटलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत पृथ्वीगोल शोधला. तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात होता, प्लास्टिकच्या पिशवीसकट. मोडेल म्हणून कुणी वर्गात नेत नसे. शिपाईमामांनी किल्ली शोधून दिली. मी दोरा घेतला, एक टोक न्यूयॉर्कवर धरलं, दुसरं मक्केवर, आणि ताणला. दोरा ईशान्येकडे निघाला, अटलांटिकवर चढत गेला आणि मग युरोपावरून उतरत मक्केला पोहोचला. गोलावर सर्वांत जवळचा रस्ता तोच. विमानंही लांबच्या प्रवासाला साधारण अशाच वाकड्या वाटणाऱ्या मार्गांनी जातात. मशिदीतली माणसं बरोबर होती. माझा नकाशा आणि मी चुकीचे होतो.

नंतर वाचलं, तर कळलं की उत्तर अमेरिकेतल्या मुसलमानांमध्ये यावरून अनेक वर्षं वाद झाले आहेत. सपाट नकाशा पाहणारे आग्नेयेकडे बोट दाखवत, गोल पाहणारे ईशान्येकडे. वॉशिंग्टनमधल्या 1957 साली उघडलेल्या इस्लामिक सेंटरची मशीद रस्त्याला तिरकी उभी आहे. तिचा रोख ईशान्येला आहे.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगू? हे गणित आपलंच होतं. अल-बिरूनीने 1025 च्या सुमारास एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्याचा एक हेतू गझनी शहराचा किब्ला अचूक काढणं हा होता. त्याच्याही आधी, नवव्या शतकापासून, मुस्लिम गणितज्ञ किब्ल्यासाठी गोलावरची त्रिकोणमिती वापरत होते. बिरूनीने आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावरची दिशा सपाट पट्टीने मोजता येत नाही, हे त्याला हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. त्याचं नाव अभिमानाने घेणाऱ्या मला, मोबाइल हातात असताना, ठाऊक नव्हतं.

सतराव्या शतकातल्या इराणमधल्या काही पितळी तबकड्या सापडल्या आहेत. त्यांवर मध्यभागी मक्का आहे आणि भोवती शहरं अशा खास जाळीवर मांडली आहेत, की पट्टी फिरवली की आपल्या शहराहून मक्केची दिशा आणि अंतर दोन्ही वाचता येतं. त्या नकाशात बाकी जगाचा आकार वाकडा होतो. होऊ दे. तो एकाच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बनवला होता आणि ते नेमकं देतो. मर्केटरने खलाशासाठी जे केलं, तेच या कारागिराने नमाज्यासाठी केलं. दोघांच्याही हातातलं हत्यार प्रामाणिक होतं. एका कामाचं हत्यार सगळ्या कामांना वापरणारे आपण.

आपल्याकडे किब्ला म्हणजे मगरिब, पश्चिम, असं आपण सरसकट म्हणतो. मुंबईहून तो पश्चिमेपासून सुमारे 10 अंश उत्तरेकडे आहे. मर्केटरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलात तर जेमतेम चार-पाच अंश येतील. यावरून कुणी आपल्या मशिदीत वाद घालू नये. दूरच्या माणसाला साधारण दिशा पुरते, असं बहुतेक फकिहांचं मत आहे. नमाज कबूल करणारा नकाशा पाहत नाही. पण भूगोल शिकवणाऱ्याने पाहावा.

आता आक्षेप.

पहिला : "सर, यानं काय फरक पडतो? पोरांना धड वाचता येत नाही आणि तुम्ही ग्रीनलँडचं घेऊन बसलात." फरक असा पडतो, की वाचणं म्हणजे नुसती अक्षरं लावणं नव्हे. समोरच्या कागदाला "तू हे कशावरून सांगतोस?" असं विचारता येणं, हेही वाचणंच. भाषेचा शिक्षक म्हणून हे मला आधी कळायला हवं होतं. नक्शा आणि नकाशा, दोन्ही भाषांत शब्द एकच. दोन्ही भाषांत मी तो पाठ करायला शिकवला, वाचायला शिकवला नाही.

दुसरा : "आता मोबाइल आहे, नकाशा कोण पाहतो?" मोबाइलवर काय आहे ते पाहिलंत का? वेबवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्याच एका रूपावर चालतात. गल्लीबोळ शोधायला ते चांगलं, कारण चौकातले कोन बिघडत नाहीत. गुगल मॅप्सने 2018 मध्ये संगणकावर दूरवरून पाहताना गोल दाखवायला सुरुवात केली, पण जग बघायला बोटांनी चिमूट करून सपाट नकाशा लहान करणाऱ्या मुलापुढे आजही तेच फुगलेलं ग्रीनलँड येतं.

तिसरा : "मग गॉल-पीटर्स लावू आणि मोकळे होऊ." तो क्षेत्रफळ खरं दाखवतो, पण आफ्रिका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा लांबट दिसतो. 2018 मध्ये तयार झालेला इक्वल अर्थ नकाशा डोळ्यांना बरा आहे आणि क्षेत्रफळही जपतो. वर्गात एकच सपाट नकाशा लावायचा असेल तर मी तो लावीन. पण एक नकाशा काढून दुसरा टांगला आणि त्याचीही पाटी पुसली, तर मूळ रोग तसाच राहिला.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पृथ्वीगोल कपाटातून वर्गात आणा. मोडला तर मोडू द्या, मुलांच्या हातून मोडलेला गोल कपाटातल्या अखंड गोलापेक्षा जास्त शिकवून जातो. जगाच्या प्रत्येक नकाशाखाली प्रक्षेपणाचं नाव आणि एक साधं वाक्य छापा : या नकाशात अमुक खरं आहे, तमुक नाही. शिधापत्रिकेवर सूचना छापता येते, औषधाच्या पट्टीवर छापता येते, तर नकाशावर का नाही? आणि बी.एड.च्या सराव पाठात नकाशा सरळ टांगला का, एवढंच विचारू नका. कोणता टांगला आणि का, तेही विचारा.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिचा मुलगा आता आमच्याच शाळेत पाचवीत आहे. मागच्या वर्षी ती पालक सभेला आली होती. सभा संपल्यावर मी तिला थांबवलं, तो प्रश्न आठवून दिला, तू बरोबर होतीस आणि मी चुकलो होतो असं सांगितलं. ती संकोचून हसली. "सर, मेरेकू तो याद बी नै." मग जाता जाता म्हणाली, "जुगराफिया मेरेकू कब्बीच नै आया सर."

तिला भूगोल आला नाही, असं तिला वाटतं. अठरा वर्षांपूर्वी त्या वर्गात भूगोल फक्त तिलाच आला होता.

तिचा मुलगा यंदा सहावीत माझ्याकडे येईल. गोल टेबलावर काढून ठेवला आहे. दोरा टेबलाच्या खणात आहे.